गोजराबाईंचे सहा हजार शब्द

मोतीराम गुरुजी रिक्षातून नाशिकच्या द्वारका चौकात उतरले तेव्हा संगणकाचा डबा त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळून इतक्या जपून पोटाशी धरला होता, की रिक्षावाल्याला राहवलं नाही. त्याने विचारलं, "बाबा, अंडी आहेत का आत?"

"शब्द आहेत," गुरुजी म्हणाले. रिक्षावाल्याने पुढे काही विचारलं नाही. सकाळी सकाळी कशाला वाद घालायचा, असंच त्याला वाटलं असणार.

ही चौथी खेप होती. उड्डाणपुलाच्या सावलीत, टायरचं दुकान आणि ट्रॅव्हल्सचं ऑफिस यांच्या मध्ये, तृप्तीचा संगणक-दुरुस्तीचा एकच गाळा. पंचवटीतल्या भाजीवाल्यांच्या घरातली ही मुलगी. घरचे सगळे मेथी-कोथिंबिरीत, आणि हिने हातात स्क्रू-ड्रायव्हर धरला. पस्तिशीची, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. गुरुजींना पाहताच तिने समोरच्या गिऱ्हाइकाचा लॅपटॉप बाजूला सरकवला आणि खुर्ची पुसली.

"गुरुजी, आज काय म्हणतोय?"

"तेच म्हणतोय. एरर तेरा."

आता हा एरर तेरा काय आणि गुरुजी त्याच्यापायी का हिंडत होते, ते सांगायला हवं.

गुरुजी मूळचे नामपूरचे, बोली अहिराणी. नोकरी लागली सुरगाण्याच्या डोंगरात, प्राथमिक शाळेत. तिथे कोकणा समाजातल्या गोजराशी त्यांनी लग्न केलं, आणि दोन्हीकडच्या माणसांना वर्ष-दीड वर्ष रुसायला उद्योग दिला. गोजराबाई नवऱ्याशी मराठी बोलायच्या आणि आईशी, शेळ्यांशी, भाताच्या रोपांशी कोकणी, म्हणजे डोंगरातल्या कोकणा लोकांची बोली, गोव्याची नव्हे. पुढे भाग्यश्री झाली तेव्हा गुरुजींनी फर्मान काढलं, की घरात फक्त मराठी बोलायची, नाहीतर पोरीचं शाळेत नुकसान होईल. गोजराबाईंनी ते मानलं. माणूस चांगला असला म्हणून त्याचे सगळे नियम चांगले असतात असं थोडंच आहे!

पण याच माणसाला वीसेक वर्षांपूर्वी दुसरं खूळ लागलं. बायकोची बोली कुठे लिहिलेली नाही, ती आपण लिहून ठेवायची. रोज संध्याकाळी गोजराबाई अंगणात तांदूळ निवडायला बसल्या की हे वही घेऊन समोर बसायचे. "याला तुमच्यात काय म्हणतात? आणि त्याचं एक वाक्य सांग." त्या सांगायच्या. गुरुजींनी तो शब्द म्हणून दाखवला, की हसून हसून त्यांच्या सुपातले तांदूळ सांडायचे. दहा-बारा शब्दांनंतर त्या कंटाळायच्या आणि वही मिटायला सांगायच्या. गुरुजी म्हणायचे, "एकच शब्द राहिला." तो एकच शब्द वीस वर्षं राहिलेलाच होता.

वह्या वाढल्या, तसं वाल्मीक नावाच्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, तो तेव्हा संगणकाचा डिप्लोमा करत होता, एक प्रोग्रॅम लिहून दिला. शब्द टाका, अर्थ टाका, वाक्य टाका. 'उघडा' असं बटण दाबलं की सगळी यादी समोर. गुरुजींनी दोन बोटांनी टंकून वह्या त्यात उतरवल्या. नंतर वह्यांना वाळवी लागली तरी त्यांनी फार जिवाला लावून घेतलं नाही, कारण शब्द संगणकात सुखरूप होते.

आणि यंदा, भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, तोंडावर, गोजराबाई चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडल्या. नाशिकला आणेपर्यंत उजवा हात गेला आणि वाचा गेली. महिनाभराने हात थोडा परत आला, पण वाचा आली नाही. पंचवटीत भाग्यश्रीच्या घरी खिडकीशी खाट टाकली होती, तिथे त्या नुसत्या बघत बसायच्या. कळायचं सगळं. बोलायला तोंड उघडायच्या, शब्द सापडायचा नाही, की डोळे भरून यायचे आणि मान भिंतीकडे वळायची.

वाचा-उपचार करणारी स्नेहल नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येई. चित्रं दाखवी, 'पाणी', 'घर', 'भाकरी' म्हणून घेई. गोजराबाईंच्या ओठांवर काही येईना. एके दिवशी स्नेहलने विचारलं, "आजींची जन्माची भाषा मराठीच ना?" गुरुजींनी भाग्यश्रीकडे पाहिलं. मग गुरुजी म्हणाले, "नाही. कोकणी."

"मग त्यांच्याशी त्या भाषेत कोण बोलतं?"

कोणीच नाही. भाग्यश्रीला येत नव्हती, आणि ती का येत नव्हती ते गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. माहेरची माणसं पहिल्या आठवड्यात येऊन रडून गेली आणि आवणीसाठी परत फिरली. गुरुजींना स्वतःला पाचपन्नास शब्द तोंडपाठ, वाक्य मात्र धड एक नाही.

"त्यांची नेहमीची वाक्यं हवीत," स्नेहल म्हणाली. "त्या स्वतः जशी बोलायच्या तशी. रोज शांतपणे ऐकवायची. पहिले सहा महिने फार मोलाचे असतात, गुरुजी. त्यातले तीन गेले."

वाक्यं होती. सहा हजार चारशे बारा शब्द आणि प्रत्येकापुढे गोजराबाईंच्याच तोंडचं वाक्य. ती सगळी एका पेन ड्राइव्हमध्ये होती आणि उघडत नव्हती. कारण गावाकडचा संगणक पुढे पावसाळ्यात विजेच्या झटक्याने कायमचा गेला होता, आणि भाग्यश्रीच्या घरी एक जुना डबा पडून होता, त्याच्यावर तृप्तीने विंडोजच्या जागी लिनक्स नावाची दुसरी प्रणाली टाकून दिली होती.

"याच्यावर नवीन विंडोज टाकलं तर हा रांगेल, गुरुजी," ती पहिल्या खेपेला म्हणाली होती. "लिनक्स हलकं असतं, फुकटही असतं. तुमचा प्रोग्रॅम विंडोजचा आहे, पण तो चालवायला मधे एक दुभाषा बसवता येतो. वाईन म्हणतात त्याला."

दारूबंदीच्या प्रभातफेऱ्या काढण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाने खुर्चीत सावरून बसत विचारलं, "दुसरं काही नाही का?" तृप्ती इतकी हसली की टायरवाला डोकावून गेला.

तर त्या दुभाष्याने पहिल्या दिवशी काही दादच दिली नाही. जुन्या प्रोग्रॅमला लागणारी एक फाइल लिनक्सवर नव्हतीच. तृप्तीने ती शोधून घातली. दुसऱ्या खेपेला खिडकी उघडली, पण बटणांवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला, कारण जुना मराठी फॉन्ट नव्हता. तोही तिने बसवला. बटणावर 'उघडा' दिसलं तेव्हा गुरुजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बटण दाबलं आणि खिडकीच मिटली. जाता जाता लिहून गेली, एरर तेरा. तिसऱ्या खेपेला तृप्तीने इंटरनेटवर वाचून देश बदलून पाहिला, भाषा बदलून पाहिली, तारीख लिहायची पद्धत बदलून पाहिली. एरर तेरा जागचा हलला नाही.

आणि आज चौथी खेप. तृप्तीने तासभर डोकं घातलं. तिने वाईनची जुनी आवृत्ती आणून बसवली, मग तीही काढली. शेवटी हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "गुरुजी, माझंच चुकलं. मीच तुम्हाला लिनक्स घ्यायला लावलं. आजी तिकडे वाट बघतायत आणि मी इथे माझा हट्ट चालवतेय."

गुरुजींना वाईट वाटलं. "असं नको म्हणू, पोरी. तू किती करतेस."

"थांबा." ती एकदम उठली, गिऱ्हाइकाचा बाजूला सरकवलेला लॅपटॉप तिने पुढे ओढला. "यावर विंडोज आहे. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. लिनक्सवरच चालवून दाखवायचं माझ्या डोक्यात बसलं होतं ना!" पेन ड्राइव्ह लावला, प्रोग्रॅम उघडला. 'उघडा' दाबलं.

खिडकी मिटली. एरर तेरा.

तृप्तीने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हा लिनक्सचा दोषच नाही! वाईन बिचारं बरोबर काम करतंय. विंडोजवरसुद्धा हा अस्साच पडतोय. गडबड तुमच्या शब्दांच्या फाइलीत आहे. ज्याने हा प्रोग्रॅम लिहिला त्याचा नंबर आहे का?"

वाल्मीकचा नंबर होता. त्याने संगणक केव्हाच सोडला होता, आता त्याचे दोन जेसीबी होते. फोनवर मागे खडी पडल्याचा आवाज येत होता.

"गुरुजी! पाया पडतो. काकू कश्या हायेत?"

"तशाच आहेत. वाल्मीक, तुझा प्रोग्रॅम पडतोय रे. आठव जरा."

"लय वर्षं झाली, गुरुजी. पन सोप्पं हुतं ते. साधी मजकुराची फाइल हाय. पहिल्या वळीत एकून शब्दांचा आकडा. तो आकडा वाचायचा आन तितकं शब्द उचलायचं, बस. पहिल्या वळीत आकडाच पाहिजे, नाय तर ते तिथंच गडबडतं. दुसरं काय नाय त्यात."

तृप्तीने ती फाइल उघडली. तिने ती आधीही पाहिली होती. जुन्या फॉन्टची फाइल नुसती उघडली तर इंग्रजी अक्षरांचा गिचमीड काला दिसतो, म्हणून तेव्हा तिने सोडून दिली होती. आता तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे आकडा नव्हता, तीन-चार वेडीवाकडी चिन्हं होती. आकडा होता दुसऱ्या ओळीत. ६४१२.

"ही वरची ओळ कुठून आली?" म्हणत तिने सगळ्या मजकुराला मराठी फॉन्ट लावला. काला विरघळला आणि एकाखाली एक मराठी ओळी उभ्या राहिल्या. अगदी वर, मधोमध, होतं:

॥ श्री ॥

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला, पुन्हा लावला. श्री तिथेच होती.

"गुरुजी?" तृप्तीने हळूच विचारलं.

गुरुजींना ती दुपार लख्ख आठवली. गोजराबाई नाशिकच्या दवाखान्यात होत्या, चौथा दिवस होता. ते एकटेच गावी गेले होते, कपडे आणि रेशनकार्ड आणायला. घर सुनं. चुलीपाशी सांडलेले तांदूळ तसेच. हे शब्द मागे ठेवून जायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून पेन ड्राइव्हवर घ्यायला बसले. सगळं नीट आलंय का पाहावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती फाइल नुसती उघडली, आणि पाहतात तर काय, पानाला सुरुवातच नाही! नुसता कोरडा आकडा. चौतीस वर्षं ज्या माणसाने पोरांना पाटीवर आधी श्री काढल्याशिवाय एक अक्षर लिहू दिलं नाही, त्याच्या स्वतःच्या हातचं एवढं मोठं काम श्रीवाचून राहिलं होतं. त्यांना वाटलं, म्हणूनच तर हे घडलं नसेल? त्यांनी वर एक ओळ मोकळी केली, दोन बोटांनी श्री टंकली, हात जोडले आणि म्हणाले, तिला बोलती कर. मग फाइल जपून ठेवली, पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि बस पकडली.

"मीच लिहिली," गुरुजी म्हणाले. "तिच्यासाठी लिहिली. आणि मीच तिचं तोंड बांधलं. दुसऱ्यांदा बांधलं, पोरी. आधी एकदा घरात बांधलं होतं."

या माणसाने स्वतःला असं बोलावं आणि त्याला कोणी गप्प करू नये, हे तृप्तीला सोसलं नाही. "काही बांधलं-बिंधलं नाही," ती फटकारून म्हणाली. "एक ओळ जास्त झाली, एवढंच. शब्द सगळे आहेत. एकही हललेला नाही. मी ही ओळ काढते आणि..." तिचा हात बटणावर गेला आणि तिथेच थांबला. तीही अशाच घरातली, जिथे वहीच्या पहिल्या पानावर श्री असते आणि ती कोणी खोडत नाही. "मी शेवटच्या ओळीत नेऊन ठेवू का? खाली चालेल प्रोग्रॅमला."

गुरुजींनी मान हलवली. "नको. मला दे."

चौतीस वर्षं ते पोरांना सांगत आले होते, पाटी पुसताना सगळं पुसा, वरची श्री राहू द्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बोट खोडायच्या बटणावर ठेवलं आणि दाबलं. एक उभी रेघ गेली, मग दुसरी. मग श्री गेली, तिच्या अलीकडच्या रेघाही गेल्या. ओळ वर सरकली आणि आकडा पहिल्या जागी आला.

"देवाला कळतं," ते स्वतःशीच म्हणाले. "नाही कळलं तर त्याचं तो बघेल."

तृप्तीने फाइल धोतरात गुंडाळून आणलेल्या त्या जुन्या डब्यावर नेली, लिनक्सवर, वाईनमध्ये. गुरुजींनी 'उघडा' दाबलं. पडद्यावर 'अ'पासून शब्द उतरू लागले आणि थांबेचनात. टायरवाल्यालाही बोलवून दाखवलं. तृप्ती रडत होती आणि धूळ फार झाली म्हणत होती.

त्या दुपारी गुरुजींनी खाटेशेजारी टेबल मांडलं. गोजराबाई खिडकीतून खालच्या गल्लीत बघत होत्या. गुरुजींनी पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं. शब्द, मग वाक्य. उच्चार त्यांचे नेहमीसारखे वाकडे. गोजराबाईंनी मान वळवली नाही. 'अ'चे शब्द संपेपर्यंत गुरुजींचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी 'अंबाडी'पाशी ते पुन्हा आले, कारण ते वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकायचं होतं: "अंबाडीची भाजी तुला नीही आवड, माला माहीत आहा." तेवढ्यात गोजराबाईंचं डोकं उशीवर हललं, असं त्यांना वाटलं. भाग्यश्री म्हणाली, तुम्हाला भास झाला. स्नेहलने फोनवर बजावलं, "घाई नको. त्यांना म्हणायला लावू नका. नुसतं वाचा."

तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून ऊन थेट खाटेवर आलं होतं. भाग्यश्री आत कणीक मळत होती. गुरुजी 'आ'चे शब्द वाचत होते. एक एक शब्द करत ते 'आंधार'पाशी आले आणि पुढचं वाक्य पाहून थबकले. हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. कुठल्याशा संध्याकाळी त्यांनी विचारलं असणार, अंधाराला तुमच्यात काय म्हणतात, एक वाक्य सांग. अंधार पडला तरी वही मिटत नाही म्हणून कंटाळलेल्या गोजराबाईंनी सुपातून डोकं वर न काढता जे सुनावलं, तेच या सरळ माणसाने उदाहरण म्हणून उतरवून घेतलं होतं.

"आंधार पडना," त्यांनी वाचलं, आणि पुढचे शब्द दिसेनासे झाले. त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसायला धोतराचं टोक शोधत होते, तेव्हा खाटेवरून आवाज आला. जड, तुटक, गेले तीन महिने कोणी न ऐकलेला.

"आता... त... ठेव... तो कागद."

पडद्यावरचं वाक्य पुरं करून गोजराबाई त्यांच्याकडे बघत होत्या. भर उन्हात, कपाळाला आठी घालून, अंगणात बघायच्या तशाच.

भाग्यश्री कणकेच्या हातांनी दारात आली. "आई बोलली? बाबा, आई काय म्हणाली?"

"ठेव म्हणाली," गुरुजी म्हणाले.

आजवर दर वेळी ते म्हणत आले होते, एकच शब्द राहिला. आज ते तोंडाशी आलं होतं. पण त्यांनी माउस धरला, प्रोग्रॅम मिटला, तृप्तीने शिकवलं होतं तसा संगणक रीतसर बंद केला आणि पडदा काळा होईपर्यंत थांबले. मग खुर्ची वळवून बायकोसमोर जाऊन बसले.

"ठेवला," ते म्हणाले. "आता तू बोल. तुझ्या भाषेत."